वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी

कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशकाचे काम मी आयुष्यातील दीर्घ काळ केले. त्या काळात जी दांपत्ये माझ्या मेजासमोरच्या दोन खुर्च्यांवर, बहुधा एकमेकांकडे खांदा फिरवून, बसून गेली, त्यांच्याविषयी हळूहळू एक गोष्ट माझ्या ध्यानात येत गेली. ती अशी की, त्यांचा दावा किती वर्षे चालणार, त्यात किती कटुता साचणार आणि त्यांचे मूल त्यातून कोणत्या मनःस्थितीत बाहेर पडणार हे पुष्कळ अंशी ते दोघे न्यायालयाची पायरी चढण्यापूर्वीच, ज्या दिवशी त्यांनी कोणा वकिलाच्या कचेरीत बसून वकीलपत्रावर सही केली त्या दिवशी, ठरून गेलेले असे. जो गृहस्थ भाड्याचे घर घेण्यापूर्वी चार घरे पाहतो, मुलाला शाळेत घालण्यापूर्वी ओळखीच्या साऱ्या पालकांना विचारतो, तोच गृहस्थ, ज्याच्या लेखणीवर त्या मुलाचे पुढचे दिवस अवलंबून राहणार त्या वकिलाची निवड मात्र, भांडणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामाने किंवा शेजाऱ्याने सुचवलेल्या पत्त्यावर जाऊन, अर्ध्या तासात उरकतो. याचा दोष मी त्याला देत नाही. ज्याचे घर मोडत असते त्याची विचारशक्ती त्या दिवसांत शाबूत नसते. आणि म्हणूनच ज्यांच्यावर तशी वेळ आली आहे त्यांच्यासाठी, जवळून पाहिलेल्या काही गोष्टी लिहून ठेवाव्यात असे मला वाटले. यातील माणसांचे तपशील मी ओळखू येणार नाहीत इतके बदलले आहेत.

वस्तुतः कायदा करणाऱ्यांच्या मनात होते ते वेगळेच. १९८४ च्या कुटुंब न्यायालय अधिनियमाच्या तेराव्या कलमान्वये वकिलामार्फत उभे राहणे हा पक्षकाराचा हक्क मानलेला नाही. न्यायालयाला आवश्यक वाटल्यास एखाद्या विधिज्ञाला न्यायमित्र म्हणून बोलावता येते, एवढीच त्यात तरतूद आहे, आणि नवव्या कलमाने तर समेटाचा प्रयत्न करण्याचे कर्तव्य खुद्द न्यायालयावरच टाकले आहे. पतिपत्नींनी स्वतः न्यायाधीशांपुढे यावे, आपल्या भाषेत आपले गाऱ्हाणे मांडावे, समुपदेशकाजवळ मन मोकळे करावे आणि दिवाणी दाव्याच्या डावपेचांपासून संसाराचा प्रश्न दूर राहावा, असा तो उदात्त हेतू होता. पुण्यात १९८९ साली राज्यातले पहिले कुटुंब न्यायालय सुरू झाले तेव्हा हीच अपेक्षा अनेकांनी बाळगली होती. प्रत्यक्षात पक्षकार वकील देण्याच्या परवानगीचा अर्ज करतो, परवानगी मिळते आणि बहुतेक प्रकरणांत दोन्ही बाजूंना वकील उभे राहतात.

हे वाईट झाले असे मला वाटत नाही. पोटगीच्या अर्जात सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निर्णयानुसार दोन्ही पक्षांना आपले उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र दाखल करावे लागते. नोकरदाराचा पगार कागदावर दिसतो, परंतु ज्याचा व्यवहार रोखीचा, दुकान भावाच्या नावावर आणि गाडी भागीदारीच्या नावावर, त्याच्याकडून कोणता दस्तऐवज मागवायचा आणि उलटतपासात कोणता प्रश्न विचारायचा हे एखाद्या गृहिणीला कोण सांगणार? एका बाजूला निष्णात वकील आणि दुसऱ्या बाजूला हातात पिशवी घेऊन उभी असलेली एकटी बाई, हे दृश्य मी पाहिले आहे, आणि त्या ठिकाणी कायद्याच्या उदात्त हेतूने तिच्या हाती काही लागले नाही. वकील अवश्य नेमावा. प्रश्न आहे तो कोणता, याचा.

लोक ज्या वकिलांकडे जातात त्यांत घराण्याच्या जमिनीचे दावे पाहणारे असतात, फौजदारीत नाव कमावलेले असतात आणि काही, त्यांची संख्या लहान असली तरी, खरोखर या कामाचे असतात. जमिनीच्या दाव्यात मुरलेला वकील हुशार असतो यात शंका नाही, परंतु तारीख लांबवणे ही त्याच्या क्षेत्रात पुष्कळदा फायद्याची गोष्ट असते; जमीन दहा वर्षे वाट पाहू शकते, आणि चार वर्षांची मुलगी दहा वर्षांनी चौदा वर्षांची होते. फौजदारी वकिलाकडे माणूस जातो तो समोरच्याला धाक बसावा म्हणून. मग घटस्फोटाच्या अर्जाबरोबर छळाची फिर्याद, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालचा अर्ज, पोटगीचा वेगळा अर्ज, आणि पलीकडून उत्तर म्हणून नांदायला येण्याचा दावा, अशी प्रकरणे वेगवेगळ्या न्यायालयांत उभी राहतात. ज्या तऱ्हेच्या हुकमापायी रखमाबाईंना १८८७ साली मुंबईत तुरुंगाची भीती सोसावी लागली, त्या तऱ्हेचा अर्ज हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमाखाली आजही होतो, आणि पुष्कळदा तो बायकोला घरी आणण्यासाठी नसून तिची पोटगी अडवण्यासाठी असतो. जिथे खरोखर मारहाण झाली आहे, जिवाला धोका आहे, तिथे संरक्षणाचा अर्ज त्याच दिवशी गेला पाहिजे आणि त्याबाबतीत समेटाच्या गोडव्यात कोणी वेळ दवडू नये, हे मी स्पष्टपणे सांगते. तथापि केवळ दबावासाठी रचलेला अर्ज वेगळा, आणि तो रचून देणारा वकील आपल्या पक्षकाराचे हित करीत नाही असे माझे ठाम मत आहे.

एक प्रसंग सांगते. एक शिक्षिका आणि कारखान्यात काम करणारा तिचा अभियंता नवरा. नऊ वर्षांची मुलगी. दोघांचे पटत नव्हते, याहून अधिक गंभीर असे त्या संसारात काही घडलेले नव्हते, आणि काही बैठकांनंतर दोघेही परस्पर संमतीने वेगळे होण्यास, मुलीने आईजवळ राहून शनिवार-रविवारी वडिलांकडे जाण्यास राजी झाले. सारे ठरले आणि बाई सहीला तयार होईनात. कारण विचारल्यावर त्यांनी पर्समधून नवऱ्याच्या मूळ अर्जाची घडी घातलेली नक्कल काढली आणि त्यातला एक परिच्छेद माझ्यापुढे धरला. मुलीचा ताबा मागताना त्यात आईच्या चारित्र्याविषयी असे काही लिहिले होते की, ते मोठ्याने वाचणे मला शक्य झाले नाही. नवरा खाली मान घालून म्हणाला, "हे मी सांगितलं नव्हतं. वकीलसाहेब म्हणाले, ताबा हवा असेल तर असं लिहावंच लागतं." त्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, "सही तर तुमचीच आहे ना?" पुढे तो अर्ज मागे घेतला गेला, संमतीचा हुकूमनामाही झाला. परंतु शाळेच्या पालकसभेत मुलीच्या दोन बाजूंना बसण्याइतका सलोखा त्या दोघांत राहू शकला असता, तो त्या परिच्छेदाने कायमचा नाहीसा केला.

असे लिखाण कायद्याच्या दृष्टीनेही अंगावर येते. महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणात नवऱ्याने आपल्या कैफियतीत बायकोवर व्यभिचाराचे आरोप केले होते आणि नंतर दुरुस्तीचा अर्ज देऊन ते काढूनही टाकले होते. तरी २००३ साली न्यायालयाने असे ठरवले की, असे आरोप करणे हीच क्रूरता असून ते मागे घेतल्याने झालेली इजा पुसली जात नाही. म्हणजे जे वाक्य दावा जिंकण्यासाठी म्हणून लिहिले गेले, त्यानेच समोरच्या पक्षाला घटस्फोटाचे कारण मिळवून दिले.

आता एका ज्येष्ठ वकीलबाईंविषयी लिहिते. त्या आमच्या न्यायालयात नियमित येत, त्यांचे नाव त्यांना आवडणार नाही म्हणून घेत नाही. नवा पक्षकार आला की पहिल्या भेटीत त्या वहीच उघडत नसत. माणसाला बोलू देत, रडू देत. आणि त्याचे बोलणे ओसरले म्हणजे एकच विषय काढीत, तो म्हणजे मुलाचा दिवस. सकाळी त्याला कोण उठवते, डबा कोण भरते, शाळेच्या सभेला कोण जाते, तापात रात्री कोण जागते, औषध कोणत्या डॉक्टरांचे चालते हे कोणाला माहीत आहे, आजीचा लळा किती आहे, शाळेतून परत आल्यावर घरात कोण असते. पुष्कळ बापांना, आणि काही आयांनाही, या प्रश्नांची उत्तरे देता येत नसत, आणि ताब्याचा हट्ट तिथेच थोडा सैल होई. हे केवळ वात्सल्याचे प्रश्न होते असे कोणी समजू नये. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचे सतरावे कलम मुलाचे वय, पालकाचे शील आणि कुवत, मुलाशी असलेले पूर्वीचे व आताचे संबंध, आणि मूल जाणते असेल तर त्याची स्वतःची इच्छा हे सारे विचारात घ्यावयास सांगते. १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याच्या तेराव्या कलमाने मुलाचे कल्याण सर्वोपरी मानले आहे. आणि १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने मुले ही आईबापांच्या मालकीची चीजवस्तू नव्हेत असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. त्या बाई जे विचारीत ते न्यायाधीश पुढे विचारणारच होते.

अर्जाचा मसुदा तयार झाला म्हणजे त्या तो इंग्रजीत असला तरी पक्षकाराला मराठीत वाचून दाखवीत, आणि शेवटी विचारीत, "तुमची मुलगी अठरा वर्षांची होऊन हे वाचेल, तेव्हा यातलं कोणतं वाक्य तिच्या नजरेला पडलेलं तुम्हाला चालणार नाही?" त्या प्रश्नानंतर पक्षकाराने स्वतःहून परिच्छेदच्या परिच्छेद खोडल्याचे त्यांनी मला सांगितले आहे. आणि कित्येकांना त्या वकीलपत्र न घेताच परत पाठवीत. फी बुडाल्याचे दुःख त्यांना झालेले मी पाहिले नाही. आपला वकील आपल्याला नको म्हणू शकतो, ही गोष्ट दुःखात असलेल्या माणसाला कडू लागते. परंतु जो प्रत्येक मागणीला मान डोलावतो त्याच्यापेक्षा असा वकील शतपटीने अधिक उपयोगी पडतो, हे मी साऱ्या नोकरीच्या अनुभवावरून सांगते.

मुलांच्या ताब्याविषयी जितके गैरसमज आहेत तितके क्वचितच कशाविषयी असतील. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा असे १९५६ च्या कायद्याचे सहावे कलम म्हणते; त्याचा अर्थ पाचवा वाढदिवस झाला की मूल बापाकडे जाते असा अनेक आयांच्या मनात घट्ट बसलेला असतो आणि त्या धास्तीने त्या नको त्या तडजोडी पत्करतात. तसे मुळीच नाही. त्याचप्रमाणे ताब्याचा हुकूम एकदा झाला म्हणजे तो पाषाणरेषा ठरतो असेही नाही. परिस्थिती पालटली, मूल मोठे झाले, पालकाची बदली झाली, तर न्यायालय तो हुकूम बदलू शकते. हे समजावून सांगणे वकिलाचे पहिले काम आहे, कारण ज्याला एवढे समजले तो प्रत्येक तारखेला जिवावर उदार होऊन लढत नाही.

खरे कौशल्य लागते ते भेटीच्या व्यवस्थेत. दावा चालू असता मुलाची आणि दूर राहणाऱ्या पालकाची भेट कित्येकदा न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत होते. भिंतीवर चित्रे असतात, खेळणी असतात, आणि तरीही ज्या बापाला आपल्या मुलाशी पूर्वी कधी घड्याळ पाहून बोलावे लागले नव्हते तो तिथे पहिल्या दिवशी काय बोलावे ते न सुचून नुसता खेळण्यातली आगगाडी फिरवीत बसतो. ही अवस्था शक्य तितकी अल्पकाळ टिकावी असे ज्याला वाटते तो वकील चांगला. तडजोडीची पुरशिस, म्हणजे ठरलेल्या अटींचे न्यायालयात द्यावयाचे लेखी निवेदन, लिहिताना जो वकील 'वडिलांना मुलास वाजवी वेळी भेटता येईल' एवढेच लिहून मोकळा होतो, तो पुढच्या दहा भांडणांची तजवीज करून ठेवतो. आणि जो दोन्ही पक्षांना समोर बसवून कोणत्या शनिवारी, किती वाजता, कोणत्या ठिकाणी, आणायला कोण आणि पोचवायला कोण, दिवाळीच्या सुट्टीतले कोणते दिवस कोणाकडे, मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची, गणपतीत मुलाला वडिलांच्या कोकणातल्या घरी न्यायचे की नाही, मूल आजारी पडले तर कळवायचे कसे, शाळेचे प्रगतिपुस्तक दोघांना मिळेल ना, पारपत्र कोणाजवळ राहील, शाळेची फी कोणत्या तारखेपर्यंत कोण भरील, हे सारे एकेक करून लिहून घेतो, त्याची पुरशिस वाचायला कंटाळवाणी असली तरी त्या घरात पुढे शांतता नांदते. दूर राहणाऱ्या पालकाला मुलाशी दूरध्वनीवर, समोरासमोर दिसेल अशा रीतीने, बोलता यावे असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली म्हटले आहे. तेही लिहून घ्यावे, वेळेसह. गणपतीचा उल्लेख मी सहज केला नाही. एका लहान मुलाने मला सांगितले होते की, बाबांकडे राहायचे की आईकडे हे त्याला सांगता येत नाही, पण चतुर्थीला त्याला गावी जायचेच आहे. आणि दोन्ही वकिलांच्या जाडजूड कागदपत्रांत चतुर्थीचा शब्दही नव्हता.

पोटगी थकली म्हणून भेट बंद, आणि भेट मिळत नाही म्हणून पोटगी बंद, हा सौदा ज्या वकिलाच्या तोंडून पहिल्या भेटीत ऐकू येईल त्याच्याकडून उठून यावे. दोन्ही हक्क मुलाचे आहेत आणि त्यांची अदलाबदल करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

फीविषयी थोडे. फी प्रकरणाची ठरवा किंवा तारखेची ठरवा, परंतु तीत काय येते आणि अपील, अंतरिम अर्ज, बाहेरगावचा प्रवास यांचे वेगळे काय ते कागदावर घ्या, आणि दिलेल्या पैशाची पावती घ्या. मिळणाऱ्या पोटगीत टक्का मागणे वकिलांच्या परिषदेच्या नियमांना सोडून आहे. निकालाची हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कोऱ्या कागदावर सही करू नका. दाखल झालेल्या प्रत्येक कागदाची नक्कल आपल्या घरी ठेवा. वकिलाशी पटेनासे झाले तर तो बदलता येतो. जुन्या वकिलाची संमती घेण्याचा रिवाज आणि नियम आहे, ती न मिळाल्यास न्यायालयाची परवानगी मागता येते, आणि फी बाकी आहे म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ठरवले आहे. तसेच वकिलापासून काही लपवू नका. त्याच्याजवळ विश्वासाने बोललेल्या गोष्टींना पुराव्याच्या कायद्याने संरक्षण दिले आहे, आणि जे कर्ज, जे व्यसन, जो दुसरा संबंध आपण लाजेपायी त्याला सांगत नाही तो नेमका उलटतपासात बाहेर येतो.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात दोघांनी मिळून एकच वकील करावा का, असे मला पुष्कळ जण विचारीत. एक वर्ष वेगळे राहिल्यावर असा अर्ज करता येतो, त्यानंतर सहा महिन्यांची मुदत असते, आणि ती मुदत योग्य प्रकरणी माफ करण्याचा मार्ग २०१७ साली मोकळा झाला आहे. मूल नसेल आणि वाटण्याजोगे काही नसेल तर एक वकील पुरे. मूल असेल तर मात्र, दोघांत कितीही गोडी असली तरी, प्रत्येकाने पुरशिसीचा मसुदा निदान एकदा तरी स्वतंत्र वकिलाकडून वाचून घ्यावा. पुनर्विवाह, परगावची नोकरी, कॉलेजचा खर्च हे प्रश्न त्या गोडीत सुचत नाहीत.

ज्यांच्याजवळ पैसा नाही त्यांनी हे सारे आपल्यासाठी नाही असे समजू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या बाराव्या कलमान्वये स्त्रियांना आणि बालकांना, उत्पन्न कितीही असले तरी, विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे. पुरुषांनाही उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत तो मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत साधा अर्ज दिला की काम सुरू होते. ही सोय माहीत नसल्यामुळे मंगळसूत्र मोडून वकिलाची फी भरलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाचा संसार त्या वळणावर येऊन ठेपला असेल आणि वकील अद्याप नेमलेला नसेल, तर त्यांना माझे एवढेच सांगणे आहे: घाई करू नका, दोन-तीन वकिलांना भेटा, प्रत्येकाला आपल्या मुलाविषयी आधी सांगा आणि तो काय विचारतो ते लक्षपूर्वक ऐका, मसुदा झाल्यावर तो आपल्या भाषेत शब्दन्‌शब्द वाचून दाखवायला सांगा, आणि तेवढा वेळ जो देणार नाही, त्याच्या वकीलपत्रावर सही करू नका.